सावली म्हणावं की छाया?

प्रश्न सोलापूरकडच्या एका शिक्षिकेचा आहे. सातवीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं, 'आम्ही झाडाच्या छायेत डबा खाल्ला.' बाईंनी 'छायेत'खाली रेघ मारून वर 'सावलीत' लिहिलं. मुलानं विचारलं, दोन्हींचा अर्थ एकच आहे ना, मग माझं चुकलं काय? शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, तेव्हा एक सहकारी म्हणाले की सावली हा शब्द सावळ्या रंगावरून आला. दुसरे म्हणाले, नाही, तो फारसी 'साया'वरून आला. बाईंना या तिन्ही गोष्टींचं उत्तर हवं आहे.

मी गेली तीस वर्षं मुद्रितशोधन आणि शब्दकोशाचं काम करतो. या शब्दावर माझा विशेष जीव आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी थोडक्यात सांगतो. मुलाचं म्हणणं खरं आहे. सावली आणि छाया हा मुळात एकच शब्द आहे. बाईंची रेघही बरोबर आहे, कारण हा एक शब्द दोन वाटांनी मराठीत आला आणि दोन्ही वाटांनी त्याला वेगवेगळ्या कामाला लावलं. सहकाऱ्यांचे दोन्ही तर्क मात्र टिकत नाहीत. त्यातल्या दुसऱ्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

छाया हा संस्कृत शब्द आपण जसाच्या तसा उचलला. सावली तोच शब्द, पण प्राकृतातून, लोकांच्या तोंडून झिजत आलेला. छायाची सावली कशी झाली, हे पटत नसेल तर हिंदी आणि मराठी शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा. हिंदीत छुरी, आपल्याकडे सुरी. झाडाची छाल, आपल्याकडे साल. छह म्हणजे सहा. मछली म्हणजे मासळी, कछुआ म्हणजे कासव, बछडा म्हणजे वासरू, पूछना म्हणजे पुसणं. प्राकृतात जिथे छ किंवा च्छ होता, तिथे मराठीनं स केला. पुढे इ किंवा ए आला तर त्या स चा श झाला. संस्कृत क्षेत्र, प्राकृत छेत्त, मराठी शेत. मक्षिका, मच्छिआ, माशी. छगल पासून शेळी. मराठीच्या जडणघडणीतली ही सर्वांत ठळक खूण आहे, आणि एकदा ती कळली की हिंदी छाँव आणि मराठी सावली यांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. आज मराठीत छ नं सुरू होणारे जे शब्द दिसतात, त्यांतले बरेचसे नंतर आले आहेत. छंद, छेद, छाया थेट संस्कृतातून घेतले, छोटा हिंदीकडून.

या नियमाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण तुमच्याच भागात रोज ऐकू येईल: 'उसाची सावली'. ऊस म्हणजे संस्कृत इक्षु, प्राकृत उच्छु. च्छ चा स झाला आणि ऊस झाला. छायाची सावली झाली. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, भाताची शेतं राखणाऱ्या बायका उसाच्या सावलीत बसून रघूच्या पराक्रमाची गाणी म्हणतात. तिथे शब्द आहे 'इक्षुच्छाय'. पाणिनीनं तर 'छाया बाहुल्ये' असं एक सूत्रच केलं आहे. ज्यांची सावली ते पुष्कळ असतील, म्हणजे एक ऊस नव्हे तर उसाचा फड, तर छाया शब्द समासात नपुंसकलिंगी होतो. संस्कृत पंडिताचा 'इक्षुच्छाय' आणि फडात भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या बाईची 'उसाची सावली' यांत शब्द दोनच आहेत, आणि दोन्हींनी एकच वळण घेतलं आहे.

आता शेवटच्या 'ली'कडे येऊ. छायामध्ये ल नाही, मग सावलीत तो कुठून आला? ज्ञानेश्वरीत हा शब्द 'साउली' असा येतो. तुकोबांचा एक अभंग सगळ्यांना ठाऊक आहे: 'तूं माझी माउली तूं माझी साउली । पाहतों वाटुली पांडुरंगे'. यातले तीन शब्द हळू म्हणून बघा. माय पासून माउली, वाट पासून वाटुली, आणि छाया पासून साउली. तिघींना एकच प्रत्यय लागला आहे. पुढच्याच ओळीत 'येकुला', 'धाकुला', 'आपुला' येतात. तोच प्रत्यय, पुल्लिंगी रूपात. प्राकृतात हा प्रत्यय 'उल्ल' असा होता. प्राकृत वैयाकरणांनी 'अप्पुल्ल' हा शब्द नोंदवला आहे, तोच आपला आपुला. या प्रत्ययानं शब्दाला जवळीक येते, वस्तू लहानशी, आपली, लाडकी होते. माउली म्हणजे नुसती आई नव्हे. तसं साउली म्हणजे नुसता उन्हाचा अभाव नव्हे. उन्हातून चालत आलेल्या माणसानं त्या गारव्याला लाडानं दिलेलं ते नाव आहे. तुकोबांनी माउली आणि साउली शेजारी ठेवल्या, त्यात यमक आहेच, पण दोन्ही शब्दांची घडणही एक आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं, त्या दिवशी मला दुसरं काही काम सुचलं नव्हतं.

सावळ्या रंगाचा तर्क इथेच गळून पडतो. सावळा हा शब्द श्यामल पासून आला. श्यामल, सामल, सावळ. मधल्या म चा व होणं ही मराठीची नेहमीची चाल आहे: कोमल पासून कोवळा, आमलक पासून आवळा, ग्राम पासून गाव. पण खरा पुरावा ल आणि ळ मध्ये आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो, आणि प्राकृतात ल्ल असेल तर मराठीत साधा ल उरतो. काल म्हणजे समय, त्याचा झाला काळ. पण कल्य, कल्ल, त्याचा झाला काल, म्हणजे आदला दिवस. गल पासून गळा, गल्ल पासून गाल. मूल पासून मूळ, मूल्य पासून मोल. श्यामलमध्ये एकटा ल, म्हणून सावळा. उल्ल प्रत्ययात जोड ल, म्हणून सावली. सावळ्या रंगावरून सावली आली असती, तर आपण आज 'झाडाच्या सावळीत बसू' म्हणालो असतो. कानाला दोन्ही शब्द जवळचे वाटतात, विठोबा सावळाही आहे आणि साउलीही आहे, त्यामुळे मनाला ही व्युत्पत्ती गोड वाटते. पण शब्दांची कुळं वेगळी आहेत.

फारसी साया. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९०. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ साली. फारसी शब्द मराठीत मुरले ते त्यानंतरच्या शतकांत. तेव्हा साउली फारसीकडून घेतलेली नाही. पण साया आणि छाया यांचं रक्ताचं नातं आहे, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या कानानं तेच टिपलं असावं. इराणी आणि भारतीय भाषा एका घरातून निघाल्या. घरातला तो जुना शब्द इराणकडे साया झाला, इकडे छाया झाला, आणि आणखी पश्चिमेला ग्रीकांकडे 'स्किया' झाला. म्हणजे साया ही सावलीची आई नसून लांबची बहीण आहे. जाता जाता एक सांगतो. इंग्रजी 'शॅडो' या कुळातला समजला जातो, पण तसं नाही. त्याचा संबंध अंधार या अर्थाच्या ग्रीक 'स्कोतोस'शी आहे.

आता मुलाच्या खऱ्या प्रश्नाकडे. शब्द एकच, तर डबा छायेत खाल्ला म्हणताना का खटकतं?

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात छायेचे चार अर्थ एका ओळीत दिले आहेत: 'छाया सूर्यप्रिया कान्तिः प्रतिबिम्बमनातपः'. सूर्याची पत्नी, तेज, प्रतिबिंब, आणि ऊन नसणं. संस्कृतात हे चारही अर्थ एका शब्दाच्या पोटात सुखानं राहत होते. प्राकृतात ते वेगळे होऊ लागले, आणि हे वेगळं होणं बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात टिपून ठेवलं आहे. त्याचं सूत्र सांगतं की छाया शब्दातल्या य चा विकल्पानं ह होतो, पण अर्थ 'कांती' असेल तर होत नाही. उदाहरणं त्यानं दिली आहेत: 'वच्छस्स छाही', झाडाची सावली. पण 'मुहच्छाया', चेहऱ्याचं तेज. म्हणजे लोकांच्या तोंडात झाडाची सावली बदलत होती, झिजत होती, आणि तेज, सौंदर्य, काव्य यांच्यासाठी मूळ छाया जपून ठेवली जात होती. झाडाखालचा शब्द एकीकडे आणि पोथीतला शब्द दुसरीकडे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ही वाटणी आजही चालू आहे. तुमच्या विद्यार्थ्याचा डबा 'वच्छस्स छाही'मध्ये खाल्ला गेला होता, म्हणून 'सावलीत' हाच शब्द त्याला शोभतो.

ही छाही आपल्या मुलखातल्या कवितेत आली आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. भर दुपारी एक बाई वाटसरूला म्हणते: बघ, उन्हाच्या भीतीनं सावलीसुद्धा अंगाखाली दडून बसली आहे, जराही बाहेर येत नाही. मग वाटसरा, तूच का नाही थोडा विसावा घेत? बाईच्या बोलण्यात दुसरंही काही आहे, ते रसिकांना सांगायला नको. मला त्यातलं निरीक्षण थक्क करतं. सातवाहनांची राजधानी पैठण. तिथे मे महिन्याच्या १७-१८ तारखेला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली खरोखरच पायाखाली जाते. आज वर्तमानपत्रं त्याला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. पुण्यात तो १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या सुमाराला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य दक्षिणेकडे परतताना जुलैत पुन्हा तसाच डोक्यावरून जातो, पण तेव्हा पावसाळी ढग असतात, कुणाला काही दिसत नाही. विज्ञानमंडळी त्या दिवशी मैदानात काठी उभी करून मुलांना तिची सावली नाहीशी होताना दाखवतात. गाथेतल्या बाईनं ती काठीशिवाय पाहिली होती.

माझ्या आजीचं घड्याळही सावलीचंच होतं. अंगणात तुळशीवृंदावन होतं आणि पश्चिमेला गोठा. गोठ्याच्या पाख्याची सावली वृंदावनाच्या पायरीला लागली की ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ती वेळ घड्याळात वेगळी पडायची, पण आजीला ते कधी अडलं नाही. आजोबा दुपारी बांधावरच्या लिंबाखाली बैलं बांधायचे आणि थोड्या वेळानं हाक यायची, 'सावली फिरली, बैलं हलव.' सावली फिरते, सावली कलते, सावली लांबते, सावली पायात येते. बाभळीची सावली पातळ, लिंबाची गार, वडाची गर्द. हे सगळे प्रयोग सावलीचे. यातल्या एकाही जागी छाया बसवून बघा. 'छाया फिरली, बैलं हलव' असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मला वारंवार दुरुस्त करावी लागते. इंग्रजीत गारवा देणारी सावली आणि जमिनीवर पडलेली आकृती यांना दोन शब्द आहेत. हिंदीतही छाँव आणि परछाईं. मराठीत दोन्हींना सावलीच. मग आपण फरक कसा करतो? शब्दानं नाही, रूपानं आणि क्रियापदानं. गारव्याची सावली मोजता येत नाही, ती एकवचनातच राहते, आणि तिच्यात आपण जातो: सावलीत बसलो, सावलीला थांबलो, पापड सावलीत वाळवले. आकृतीची सावली मोजता येते, तिचं अनेकवचन होतं, आणि ती पडते, हलते, दिसते: भिंतीवर दोन सावल्या हलल्या, संध्याकाळी सावल्या लांबल्या. 'झाडाची सावली दाट आहे' म्हटलं की गारवा, 'झाडाची सावली लांब आहे' म्हटलं की आकृती. विशेषण बदललं की अर्थ बदलतो, आणि मराठी माणसाला त्यासाठी क्षणभरही थांबावं लागत नाही. 'सावलीखाली बसलो' हे मात्र मी खोडतो. झाडाखाली बसतात, सावलीत बसतात. छत्र डोक्यावर असतं, म्हणून 'छत्रछायेखाली' चालतं. (संस्कृतात तो शब्द छत्रच्छाया असा आहे, पण मराठीत छत्रछाया रुळला आहे, तो चुकीचा मानू नये.)

छायेला मराठीत काम मिळालं ते बहुतेक डोक्यानं घडवलेल्या शब्दांत. छायाचित्र, छायांकन, अर्जासोबत जोडायची छायांकित प्रत, ज्योतिषातले राहू-केतू हे छायाग्रह, ग्रहणातल्या प्रच्छाया आणि उपच्छाया. अमरकोशाचे चार अर्थ पुन्हा डोळ्यांपुढे आणा. छायाचित्रातली छाया ऊन-सावलीतली नाही, ती 'प्रतिबिंब' या अर्थाची छाया आहे. त्यामुळे तिथे सावली बसलीच नसती. सूर्यप्रिया छाया आजही छायाच आहे. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा आपल्या जागी आपली छाया ठेवून निघून गेली, आणि त्या छायेचा मुलगा शनी. 'छायामार्तंडसंभूतं' हे शनिवारी घराघरांत म्हटलं जातं. मुलीचं नाव छाया ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कांती हा अर्थ मराठीतून जवळजवळ गेला. संस्कृतात 'मुखच्छाया' म्हणजे चेहऱ्याची झळाळी. आज 'त्याच्या चेहऱ्यावर छाया आली' म्हटलं तर वाचक काळजी समजेल. अर्थ पुरता उलटला.

प्राकृत नाटकं आणि गाथा छापताना खाली संस्कृत रूपांतर देतात, त्यालाही 'छाया' म्हणतात. गाथासप्तशती बहुतेकांनी त्या छायेच्या आधारानंच वाचलेली असते. माझी विनंती आहे की निदान दहा गाथा तरी वरच्या ओळीतून, मूळ महाराष्ट्रीतून वाचाव्यात. आपल्या भाषेचे शब्द तिथे अर्धे घडलेले सापडतात. ओल्या मातीचं मडकं चाकावर पाहावं तसं ते असतं.

भूगोलाच्या पुस्तकातला 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द मला फार अचूक वाटतो, आणि थोडा कठोरही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढगांना अडवतो आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख कोरडा राहतो. इथे डोंगर उन्हाला अडवत नाही, पावसाला अडवतो. या छायेत गारवा नाही. म्हणूनच इथे 'पावसाची सावली' म्हणणं जमलं नसतं. सावली या शब्दातच मिळणं आहे, विसावा आहे. पर्जन्यछायेत फक्त अडवलं जाणं आहे.

छायेला चांगली आणि वाईट अशा दोन्ही बाजू पहिल्यापासून आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात म्हटलं आहे, 'यस्य छायामृतं यस्य मृत्युः', ज्याची छाया अमृत आहे आणि मृत्यूही आहे. आजही तसंच आहे. 'आईवडिलांची छाया हरपली' यात छाया म्हणजे आधार. 'युद्धाच्या छायेत', 'भीतीच्या छायेत' यात छाया म्हणजे धोका. सावलीचं तसं नाही. लाक्षणिक वापरात ती सहसा मायेचीच असते. एका भाषांतरित कादंबरीचं मुद्रितशोधन करताना वाक्य आलं, 'तो आयुष्यभर वडिलांच्या सावलीत राहिला.' मूळ इंग्रजीत सांगायचं होतं की वडिलांच्या मोठेपणामुळे मुलाला कुणी ओळखलंच नाही. मराठी वाक्याचा अर्थ झाला, वडिलांनी त्याला मायेनं सांभाळलं. पुस्तकभर नायकाची तक्रार होती आणि ते वाक्य तीच पुसत होतं. मी सुचवलं, 'वडिलांच्या मोठेपणापुढे तो आयुष्यभर झाकोळून गेला.' झाकोळणं हा आपला शब्द त्या अर्थासाठी तयारच आहे. आणि नुसतं संकट सांगायचं असेल तर सावट आहे: दुष्काळाचं सावट, मंदीचं सावट. सावटाखाली कुणीही आनंदानं बसत नाही.

पण सावली मायेची आहे असं म्हणून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. याच शब्दानं आपल्या समाजात माणसांना रस्त्यावरून हटवलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उच्चाटनावरच्या, १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात पेशवाईतली स्थिती सांगितली आहे: समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर अस्पृश्य मानलेल्या माणसाला सार्वजनिक रस्ता वापरायची मनाई होती, कारण त्याच्या सावलीनं विटाळ होईल. 'सावलीचा विटाळ' असं आपण म्हणतो, छायेचा नाही. इथेही तीच जुनी वाटणी दिसते. सावली अंगाला चिकटलेली, देहाची. म्हणून ज्यांना माणसाच्या देहाचाच तिटकारा होता, त्यांनी तिलाही अपराधी ठरवलं. 'सावलीलासुद्धा उभं करत नाही' हा वाक्प्रचार आपण भांडणात सहज वापरतो. तो वापरताना निदान त्याच्यामागे काय आहे, हे ठाऊक असावं. शब्दकोशात मी त्याच्यापुढे ही नोंद आवर्जून लिहितो.

पडछायेबद्दल प्रश्नात काही नाही, पण वर्गात तो येईल. पडछाया म्हणजे पडलेली छाया नव्हे. प्रति या उपसर्गाचं प्राकृतात 'पडि' झालं. प्रतिशब्द पासून पडसाद, प्रतिजिह्वा पासून पडजीभ, प्रतिपदा पासून पाडवा, आणि प्रतिच्छाया पासून पडछाया. हिंदी परछाईं तीच. आकृती दाखवणारी सावली सांगायची असेल आणि गारव्याशी गल्लत नको असेल, तर पडछाया हा चांगला शब्द आहे. अलीकडे तो फक्त भुताखेतांच्या गोष्टींपुरता उरला आहे, हे मला खटकतं. पिंगुळीला, कुडाळजवळ, ठाकर समाजातले कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्यासमोर धरून रामायणातल्या कथा सांगतात. पुस्तकं त्याला छायानाट्य म्हणतात. प्रत्यक्षात पडद्यावर जे हलतं ते पडछाया या शब्दात जितकं नेमकं बसतं, तितकं दुसऱ्या कुठल्याही शब्दात बसत नाही.

तर बाई, वहीतली रेघ राहू द्या, पण गुण कापू नका. मुलानं लिहिलेला शब्द खोटा नाही, फक्त तो त्या झाडाखालचा नाही. पुढच्या तासाला फळ्यावर छुरी, छाल, छह, कछुआ एवढे चार शब्द लिहा आणि मुलांना त्यांची मराठी भावंडं शोधायला सांगा. चौथ्या शब्दापर्यंत कुणीतरी स ओळखेल. मग शेवटी 'छाया' लिहा, आणि खडू त्याच मुलाच्या हातात द्या.